उपाहारगृहाकडे वर्ग

चहा सोडायचा निर्णय मी एकट्यानं घेतला. त्याची शिक्षा मात्र सगळ्यांनी वाटून घेतली, अगदी जी अजून जन्मालाही आली नव्हती तिनंसुद्धा.

कारण म्हणाल तर माझी सही हलायला लागली होती. हसू नका. मी एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध भांडाराचा प्रमुख आहे. भांडारप्रमुखाच्या मालकीचं असतं काय? औषधं रुग्णालयाची, कपाटं रुग्णालयाची, खुर्चीच्या पाठीवरसुद्धा रुग्णालयाचा नंबर. आपली म्हणावी अशी एक सही. तीस वर्षं ती दगडावर कोरल्यासारखी येत होती आणि आता शेवटचा फराटा जिन्यावरून पाय घसरल्यासारखा खाली जायला लागला. आमच्याच ओपीडीतल्या डॉक्टरांना हात दाखवला. त्यांनी विचारलं, "दिवसाला चहा किती?"

"चार-पाच," मी म्हणालो.

"अकरा," शेजारून ही म्हणाली.

"अगं, ते अर्धे अर्धे असतात."

"अर्धे धरले तर बावीस होतात."

डॉक्टर म्हणाले, हळूहळू कमी करा. आता आमच्या घराण्यात हळूहळू काही करायची पद्धत नाही. मी त्याच शनिवारी चहा बंद केला. माझा एकट्याचा नव्हे, घराचा. कपबशा एका खोक्यात भरल्या, सुतळीनं बांधल्या, माळ्यावर टाकल्या. स्वयंपाकघराच्या दारावर सूचना लावली: 'या घरात चहा होणार नाही. कॉफीही नाही.' खाली तारीख आणि सही.

शेजाऱ्यांना न विचारता बातमी कळते आणि सल्लाही न मागता मिळतो. शेजारचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "एकदम तोडू नका हो. रोज एक कप कमी करा. अकरा दिवसांत सुटाल." मी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या काकू तर दारातच उभ्या राहिल्या. "डोकं फुटेल बरं का. शिवाय भास होतात. आमच्या भावोजींनी सोडला होता, तर तिसऱ्या दिवशी त्यांना कपाटामागून कोणीतरी हाक मारत होतं."

"मग कोण होतं?"

"कोण असणार? कोणी नव्हतं. पण भावोजींनी ओ दिली ना!" काकूंनी आवाज खाली आणला. "ओ द्यायची नसते."

आमची लेक तेव्हा आमच्याकडेच राहायला होती. सातवा महिना, जावई जहाजावर नोकरीला. ती म्हणाली, "बाबा, मी दिवसाला एकच कप घेते. डॉक्टरांना विचारून घेते."

"डॉक्टरांना विचारलंस," मी म्हणालो, "पण पोटातल्या जिवाला काय हवंय ते विचारलंस का?"

हे वाक्य मी दोनदा म्हणालो, कारण मला ते आवडलं होतं. आज ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, डोकं दुखायला लागलं. दुखायला लागलं म्हणजे काय, कपाळाच्या आत कोणीतरी फर्निचर सरकवत होतं. डोळे मिटायचे, मान पडायची. बोलताबोलता मी झोपायचो आणि उठल्यावर पुढचं वाक्य बोलायचो, ते कशाशीच जुळायचं नाही. दुपारी चारला असाच खुर्चीत पेंगत होतो. घरात जागं कोणी नव्हतं. लेक आत झोपलेली, ही काकूंचं पुस्तक परत द्यायला वर गेलेली. आणि स्वयंपाकघरातून आवाज आला.

बशीत कप ठेवताना होतो तो. एकदाच. टिण्ण.

मी उठून गेलो. ओटा कोरडा, शेगडी गार, नळ बंद. खिडकीही बंद. तरी हवेत काहीतरी नुकतंच संपल्यासारखं वाटत होतं, म्हणजे खोलीत कोणीतरी बोलत असावं आणि आपण गेल्यावर गप्प झालं असावं, तसं. मी स्टूल घेऊन माळ्यावर पाहिलं. खोकं जागच्या जागी होतं आणि सुतळीची गाठ माझीच, मी मारली होती तशी.

ही खाली आल्यावर विचारलं, "तू कप वाजवलास?"

"कोणता कप?" ही म्हणाली. "कप माळ्यावर आहेत ना? सहीनिशी?"

सोमवारी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, मी कामावर गेलो. आधी हुकूम सोडला की उपाहारगृहाकडून माझ्या टेबलावर काहीही येता कामा नये. ना कप, ना बिल, ना चिठ्ठी. मोहाचं दार एक इंचसुद्धा उघडं ठेवायचं नाही. हा हुकूम लक्षात ठेवा.

त्याच दिवशी दुपारी एक मागणीपत्र आलं. आमच्याकडे नवजात बाळांचा नवा विभाग महिन्यापूर्वीच सुरू झाला होता. वेळेआधी जन्मलेली बाळं तिथे काचेच्या पेट्यांत ठेवतात. त्या विभागाची मागणी, वर 'तातडीचे' असा शिक्का, आणि खाली लिहिलेलं: कॅफीन सायट्रेट, वीस कुप्या.

मी ते तीनदा वाचलं. तीस वर्षांत मी विंचवाच्या विषावरच्या लसीपासून घोड्याला द्यायच्या गोळ्यांपर्यंत सगळं हाताळलंय. पण कॅफीन? तान्ह्या बाळांना? जे मी रक्त आटवून सोडतोय ते हे लोक अंगावर पिणाऱ्या पोरांना पाजणार? कोणाला विचारावं, एखादं पुस्तक उघडावं, असं सरळ डोक्यात यायला हवं होतं. पण डोक्यात तेव्हा फर्निचर सरकत होतं. मी समासात शेरा मारला: 'नवजात बालकांस चहा-कॉफी देण्याची प्रथा नाही. मागणी अनवधानाने या विभागाकडे आलेली दिसते. उपाहारगृहाकडे वर्ग.' आणि सही केली.

काय सही आली म्हणून सांगू! एक थरथर नाही. शेवटचा फराटा सरळ, रुळासारखा. तीन दिवसांच्या हालांचं चीज झालं असं वाटून मी ती दोन मिनिटं न्याहाळत बसलो आणि मग कागद नेहमीच्या वाटेनं खरेदी विभागाकडे पाठवून दिला.

मंगळवारी डोक्यापायी रजा घेतली. दुपारी चारला पुन्हा आवाज आला. टिण्ण. या वेळी मी उठलो नाही. काकूंचे भावोजी आठवले आणि तोंड घट्ट मिटून बसलो.

शुक्रवारी पहाटे लेकीच्या पोटात दुखायला लागलं. दिवस भरायला दहा आठवडे बाकी होते. आमच्याच रुग्णालयात नेलं, पाठीत भुलीचं इंजेक्शन देऊन शस्त्रक्रिया केली आणि सकाळी सात वाजता मी आजोबा झालो. मुलगी. वजन सव्वा किलो. साखरेची पुडीसुद्धा मी याहून जड आणतो हो. मला ती काचेतून दाखवली तेव्हा आधी ती दिसलीच नाही, नुसत्या नळ्या दिसल्या. मग त्या नळ्यांच्या मधे एक मुठीएवढा चेहरा दिसला.

शनिवारी दुपारी, म्हणजे माझ्या चहामुक्तीच्या आठव्या दिवशी, मी त्या विभागात गेलो. कपडे बदलायला लावतात, हात कोपरापर्यंत धुवायला लावतात, आणि आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे शांतता. आठ बाळं होती आणि एकही रडत नव्हतं. पडदे ओढलेले, दिवे मंद. प्रत्येक पेटीवर यंत्राची एक हिरवी रेघ नाचत होती. नावं नव्हती कोणाला. पेटीवर आईचं नाव आणि पुढे 'हिचे बाळ'. मी आमच्या पेटीपाशी उभा राहिलो आणि तिच्या छातीकडे बघत होतो. पापड तव्यावर हलतो ना, तितकीच हलत होती. वर, खाली. वर, खाली. मग हलेनाशी झाली.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मी चष्मा पुसला. छाती हलत नव्हती. ओठांचा रंग शाईसारखा व्हायला लागला. यंत्र ओरडलं, सिस्टर धावत आली आणि तिनं पेटीत हात घालून बाळाच्या तळपायाला टिचकी मारली. एक. दोन. पोरीनं अंग झाडलं आणि श्वास घेतला.

"असं होतं हिला," सिस्टर म्हणाली, जणू हिला उचकी लागते असं सांगावं. "सकाळपासून अकरा वेळा झालं."

अकरा हा आकडा मला त्या क्षणी अजिबात ऐकायचा नव्हता.

बाळांच्या डॉक्टरीणबाई आल्या. बाई नव्या होत्या, मला ओळखत नव्हत्या आणि मीही त्या हिरव्या झग्यात कोणीच नव्हतो. "आजोबा, बसा," त्या म्हणाल्या. आयुष्यात प्रथमच मला कोणी असं म्हणालं. मी बसलो.

"हिच्या मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं आहे," बाई म्हणाल्या. "मधेच विसरतं."

"काय विसरतं?"

"श्वास घ्यायला."

बाईंनी समजावून सांगितलं ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं. मेंदू काम करतो तसं त्यात एक द्रव्य साठत जातं, अॅडेनोसिन नावाचं. त्याच्या बसायच्या ठरलेल्या जागा असतात. खुर्च्याच म्हणा. तिथे जाऊन बसलं की ते हुकूम सोडतं, 'पुरे आता, मंद व्हा.' मोठ्या माणसाला त्यानं झोप येते. या एवढ्याशा बाळांचा श्वासच थांबतो.

"यावर एक औषध आहे. चहाच्या पानात, कॉफीच्या बीत असतं तेच, कॅफीन. झाड ते खरं तर किड्यांना मारायला तयार करतं. पण त्याचा तोंडवळा त्या द्रव्यासारखा असतो. ते आधी जाऊन त्या खुर्च्यांत बसतं. हुकूम वगैरे काही सोडत नाही. नुसती खुर्ची अडवून बसतं. तेवढ्यानं श्वासाचं केंद्र जागं राहतं."

खुर्चीवर बसायचं, पण त्या खुर्चीचं काम करायचं नाही. ही गोष्ट मला तीस वर्षांच्या नोकरीनंतर कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण एक खुर्ची अशी अडवली की त्यानं जीव वाचतो, हे नवीन होतं.

"मग द्या ना ते!" मी म्हणालो.

"आहे कुठे?" बाईंचा आवाज चढला. "सोमवारीच मागणी केली होती. आपल्या भांडारात कोणी एक महाभाग बसलाय, त्यानं ती उपाहारगृहाकडे पाठवली. उपाहारगृहाकडे, आजोबा! याच जातीचं दुसरं औषध काल देऊन पाहिलं, तर हिची छाती इतकी धडधडायला लागली की थांबवावं लागलं. गावातल्या दुकानांत नाही. दुसऱ्या रुग्णालयातून मागवलंय, ते उद्या सकाळी येईल. संध्याकाळपर्यंत हे श्वास थांबणं वाढलं तर नळी घालून मशीनवर घ्यावं लागेल. इतक्या कोवळ्या फुप्फुसांना ते मी होता होईतो टाळते." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुमचं डोकं दुखतंय का? सारखं कपाळ धरताय."

"चहा सोडलाय."

"एकदम? अहो, वर्षानुवर्षं खुर्च्या अडवलेल्या दिसल्या की मेंदू जादा खुर्च्या मांडून ठेवतो. अडवणारा गेला की सगळ्या एकदम भरतात. झोप येणारच. डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून ठणका. आणि हो, तुमच्या मुलीलाही पाठीतल्या इंजेक्शनमुळे उठून बसलं की डोकं दुखतंय. भूलतज्ज्ञांनी सांगितलंय, तिला पाणी भरपूर द्या आणि कडक चहा द्या."

तीन पिढ्या एका छपराखाली, तिघांना एकच गोष्ट हवी होती आणि ती मी सहीनिशी बंद केली होती. 'तो महाभाग मीच' हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं. खरंच आलं होतं. पण बाहेर पडलं ते, "मी जरा जाऊन येतो."

आमचं कार्यालय मागच्या इमारतीत आहे. मी पळत गेलो, म्हणजे सत्तावन्न वर्षांचा माणूस डोकं धरून जितका पळतो तितका. कागद कुठे अडकलाय ते शोधायचं आणि तो सोडवायचा, एवढंच मनात होतं. जिना चढलो. खरेदी विभागाचं दार सताड उघडं. आत कोणी नव्हतं.

शेजारच्या लेखा विभागात कोणी नव्हतं. नोंदणीत कोणी नव्हतं. पंखे फिरत होते. एका खुर्चीच्या पाठीवर स्वेटर होता. एका टेबलावर पेन उघडं पडलं होतं आणि त्याच्या टोकाखाली शाईचा ठिपका अजून पसरत होता. आणि प्रत्येक टेबलावर, एकूण एक टेबलावर, चहाचा कप होता. भरलेला. वाफ निघत होती. वीस-बावीस कप आणि माणूस एक नाही. मी हाक मारली, "कोणी आहे का?" माझा आवाज त्या लांबलचक खोलीच्या टोकापर्यंत गेला. मग मला काकू आठवल्या आणि वाटलं, नकोच, उलट ओ आली तर?

मी खिडकीशी गेलो आणि खाली पाहिलं. मागच्या मैदानात आमचे सगळे कर्मचारी रांगा करून उभे होते. अगदी गप्प. आणि सगळे मान वर करून या इमारतीकडे बघत होते. म्हणजे माझ्याकडेच. कोणीही हात केला नाही. पहिल्या रांगेतला सुरक्षा अधिकारी माझ्याकडे बघून वहीत काहीतरी लिहीत होता.

मी खिडकीपासून मागे सरलो. मेलो असलो तर कधी मेलो, हे आठवायचा मी खरोखर प्रयत्न केला.

खरेदी कारकुनाच्या टेबलावर फाइल उघडीच होती. वर माझा तो कागद, त्यावर ती रुळासारखी सही. आणि त्याला टाचलेला खरेदी आदेश. म्हणजे औषध मागवलं होतं! खाली लिहिलेलं: 'माल पोहोचविण्याचे ठिकाण: उपाहारगृह, भांडारप्रमुखांच्या आदेशान्वये.'

मला एकदम उमगलं. आमच्याकडे वरचा मजकूर कोणी वाचत नाही. शेवटची ओळ वाचायची, सही बघायची आणि पुढे ढकलायचं. ही रीत मीच पाडलेली, नव्या माणसाला पहिल्या दिवशी मीच शिकवतो. खरेदी कारकुनानं माझा आक्षेप वाचलाच नव्हता. त्यानं फक्त 'उपाहारगृहाकडे' एवढं वाचलं आणि तो पत्ता समजला.

मी उपाहारगृहात पोहोचलो तोवर लोक परतत होते. व्यवस्थापक गल्ल्यावर बसत होता. हा माणूस नियमाचा इतका पक्का की साखर जास्त मागितली तर लेखी मागायला लावतो. मला पाहून तो दचकला.

"साहेब, तुम्ही? तुम्हाला तर आत्ता मृतांच्या यादीत घातलं!"

"काय?"

"आगीची कवायत होती. सूचना होती ना शुक्रवारपासून. इमारतीत एक माणूस राहिलेला दिसला, म्हणून सुरक्षा अधिकाऱ्यांनी 'एक मृत' लिहिलं. आम्ही दोन मिनिटं शांत उभे राहिलो."

दुसरा दिवस असता तर मी त्या अधिकाऱ्यावर तीन पानी पत्र लिहिलं असतं. पण मी काउंटर धरून म्हणालो, "खोकं. माझं खोकं आलंय तुमच्याकडे."

"गुरुवारीच आलं! दोन चिठ्ठ्या पाठवल्या तुम्हाला. तुमच्या खात्यातून परत आल्या. म्हणाले, उपाहारगृहाचं काही घ्यायचं नाही असा हुकूम आहे." त्यानं मागच्या कपाटातून एक लहान खोकं काढलं, काउंटरवर ठेवलं आणि त्यावर हात ठेवूनच पोचवही पुढे केली. "सही."

मी पेन घेतलं. हात थरथरायला लागला. नुसती थरथर नाही, पेन कागदावर टकटक वाजत होतं. कशीबशी सही केली. त्यानं चष्मा लावला, आदेशाची प्रत काढली आणि दोन्ही सह्या शेजारी धरल्या.

"जुळत नाही."

"अहो, मीच आहे."

"तुम्हीच आहात, दिसतंय. पण ही सही बघा आणि ही बघा. औषधाचं काम आहे साहेब, तुम्हीच सांगता, सही जुळली नाही तर सुई देऊ नका. बसा, एक कप घ्या, हात स्थिर करा, मग करा." आणि त्यानं खरंच कप पुढे केला. वाफ माझ्या चष्म्यावर आली.

आता मी तो घ्यायला हवा होता की नको, सांगा. आठ दिवस मी ज्या गोष्टीसाठी तळमळलो होतो ती नाकाखाली होती. पण मला त्या कपाकडे बघवेना. मी म्हणालो, "ती आधीची सही माझी आहे ना, ती गाढवपणाची सही आहे. मी न वाचता, न विचारता केली. म्हणून ती स्थिर आलीय. आता माझी नात वर काचेत पडलीय आणि श्वास घ्यायला विसरतेय. ज्या औषधाला मी इथे पाठवलं त्याच्याशिवाय विसरतेय. मग हात कापणार नाही तर काय होणार हो?"

मला रडू आलं. तीस वर्षांत त्या इमारतीत मी एकदाही रडलो नव्हतो.

व्यवस्थापकानं खोक्यावरचा हात काढला. "घेऊन जा," तो म्हणाला. "कागद मागाहून बघू." हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून त्याआधी किंवा नंतर कोणी ऐकलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी खोकं उघडलं, कुप्या उजेडात धरल्या, तारीख वाचली, मात्रा सिस्टरसह दोघींनी वेगवेगळी मोजून ताडून पाहिली आणि सुईतून ते थेंबथेंब चालू केलं. "अर्धा तास लागेल आत जायला," त्या म्हणाल्या. "मग दिवसातून एकदा पुरे. तुमच्या अंगातून चहा चार-सहा तासांत ओसरतो, या बाळांच्या अंगात चार-चार दिवस राहतो. मिळालं कुठे हो हे?"

"उपाहारगृहात," मी म्हणालो. "पाठवणारा महाभाग मीच."

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या काहीतरी फार वाईट बोलणार होत्या, मी त्याची वाटच बघत होतो. पण तेवढ्यात शेजारच्या पेटीवरचं यंत्र ओरडलं आणि त्या तिकडे वळल्या. माझी बोलणी खायची राहून गेली ती अजून राहिलीत.

औषध जवळजवळ आत गेलं होतं. तेव्हाच आमच्या पोरीच्या पायाला लावलेली तार निसटली आणि यंत्र उगाचच कोकलायला लागलं. सिस्टरनं ते बंद केलं. "नवी पट्टी घेऊन येते. दोन मिनिटं, आजोबा. छातीकडे लक्ष ठेवा. थांबली तर तळपायाला टिचकी."

दोन मिनिटं म्हणजे काय हो! मी पेटीच्या गोल झरोक्यातून हात आत घालून बसलो. आत ऊब होती. वर, खाली. वर, खाली. मी मोजत होतो. सतरा, अठरा. हिरवी रेघ नव्हती, आवाज नव्हता, मंद दिवा आणि ती ऊब. आठ दिवसांच्या सगळ्या खुर्च्या एकदम भरल्या. एकवीस. मला वाटलं मी बावीस म्हणालो.

टिण्ण.

अगदी कानाशी. बशीत कप ठेवल्यासारखा. माझी मान झटक्यानं वर आली. समोरच्या भिंतीवर घड्याळात चार वाजले होते. आणि छाती हलत नव्हती.

मी टिचकी मारली. माझं बोट तिच्या अख्ख्या पावलापेक्षा मोठं होतं. पुन्हा मारली. "अगं ए," मी म्हणालो, "अगं ए बाळे, घे गं, घे ना." तिसऱ्या टिचकीला तिनं पाय आखडला, तोंड वाकडं केलं आणि एवढासा, मांजराच्या पिल्लासारखा आवाज करून श्वास घेतला. मग दुसरा. मग तिसरा. सिस्टर पट्टी घेऊन आली तेव्हा मी बाविसावर होतो आणि मोजणं थांबवायला तयार नव्हतो.

"इथे कोणी कप आणला होता का?" मी विचारलं.

"इथे? पाणीसुद्धा आणू देत नाही आम्ही, आजोबा."

त्या संध्याकाळी तिचा श्वास दोनदाच थांबला. दुसऱ्या दिवशी एकदा. नळी घालावी लागली नाही.

संध्याकाळी लेकीच्या खोलीत गेलो. ही फ्लास्क घेऊन बसली होती. लेक चहा पिऊन उशीला टेकली होती आणि कितीतरी बरी दिसत होती. मी खाली मान घालून सगळं सांगितलं, शेऱ्यासकट. लेकीनं हात पुढे केला आणि माझा हात धरून ठेवला. हिनं फ्लास्कच्या झाकणात उरलेला चहा ओतला, माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "प्या मुकाट्यानं." मी प्यालो.

"एक विचारू?" मी म्हणालो. "तू आठवडाभर चोरून चहा पीत होतीस ना? रोज चारला?"

"पीत होते," ही म्हणाली. "वर काकूंकडे. आणि चोरून कशाला, ताठ मानेनं."

"आपल्या स्वयंपाकघरात नाही?"

"तुमच्या सहीखालून कोण जाणार!"

"आणि आज चारला कुठे होतीस?"

"इथेच, हिला चहा पाजत. झाकणातून. कप कुठाय इथे?"

मी पुढे विचारलं नाही. घरी जाऊन माळ्यावरचं खोकं खाली काढलं. गाठ माझीच होती. दारावरची सूचना काढून टाकली. आता मी दिवसाला दोन कप घेतो, हेडमास्तरांच्या पद्धतीनं कमी करत आणलेले. सही थोडी हलते. हलू दे. वरचा मजकूर मात्र आता मी पहिल्या अक्षरापासून वाचतो, त्यामुळे माझ्या टेबलावर कागद तुंबतात आणि लोक मला नावं ठेवतात. आगीच्या कवायतीच्या अहवालात मी अजून मृत आहे. तो दुरुस्त करून घ्यायला माझाच हयातीचा दाखला मागतात.

नात आता दोन वर्षांची होईल. गुबगुबीत झालीय, घरभर पळते, आवाजानं छप्पर उडवते. मला तो कपाचा आवाज त्या दिवसानंतर पुन्हा कधी आला नाही. पण दुपारी चारच्या सुमारास ही पोरगी खेळताखेळता मधेच थांबते. मान वळवून रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघते, ऐकल्यासारखं करते आणि 'ओ' म्हणते. काकूंनी एकदा ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मी तेव्हा स्वयंपाकघराकडे बघत नाही. ती थांबली की मी आधी तिच्या छातीकडे बघतो. हलत असते.